लोणार: विवर, धार आणि मंदिरं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी इथंच वाढले, आणि गेली बरीच वर्षं बाहेरगावच्या पाहुण्यांना विवर आणि मंदिरं दाखवत फिरते आहे. फोनवर, मेसेजवर आणि काठावर उभं राहून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोणारला यायचं कसं, आणि एक दिवस पुरतो का?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर, जालन्याहून नव्वदच्या आसपास, मेहकरहून वीस-पंचवीस. गावात रेल्वे नाही. जालन्याला किंवा संभाजीनगरला उतरून पुढे एसटी किंवा गाडी. समृद्धी महामार्गानं येत असाल तर मेहकरजवळ बाहेर पडा.

एका दिवसात सरोवर वरून बघून फोटो काढून परत जाता येतं. बहुतेक लोक तेवढंच करतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं. एक मुक्काम तरी ठेवा. पहाटे विवरात उतरायचं, ऊन चढल्यावर गावातली मंदिरं आणि बारव बघायची, संध्याकाळी पुन्हा काठावर यायचं.

२. सरोवर बघितलं की झालं ना? गावात वेगळं काय आहे?

लोणार म्हणजे दोन पाणी. विवराच्या तळाशी खारं पाणी आहे, ते प्यायलं तर तोंड वाकडं होईल. आणि विवराच्या कडेतून, त्या खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर, गोड्या पाण्याचे झरे फुटतात. माणसं इथे वसली ती गोड्या पाण्यामुळे, तीर्थ झालं तेही त्याच्यामुळे, आणि मंदिरं उभी राहिली ती तीर्थामुळे. म्हणून विवर वेगळं, गाव वेगळं आणि मंदिरं वेगळी असं बघितलं तर काहीच हाती लागत नाही.

गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे (प्रश्न ९), लिंबी बारव आहे. विवराच्या कडेला धार आणि तिच्या परिसरातली मंदिरं (प्रश्न ७), आत सरोवराच्या काठानं डझनभर मंदिरांची माळ (प्रश्न १२), आणि गावाबाहेर अंबर तळ्याजवळ आडवा मारुती (प्रश्न १३).

३. हे विवर उल्केमुळे झालं हे नक्की का? आमच्या पुस्तकात ज्वालामुखी लिहिलं होतं.

तुमचं पुस्तक जुनं असणार. लोणारच्या आजूबाजूला सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आणि तो ज्वालामुखीतूनच आलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवरच आपलं दख्खन उभं आहे. त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार असा अंदाज बरीच वर्षं होता. १८९६ साली अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराशी याचं साम्य दाखवलं होतं, पण पक्का पुरावा १९७० च्या दशकात मिळाला. विवराच्या तळाशी भोकं पाडून खालचे दगड वर काढले, तेव्हा त्यात मास्केलिनाइट सापडलं. दगडातला फेल्डस्पार नावाचा खनिजकण भयंकर धक्क्यानं, वितळायच्याही आधी, काचेसारखा होतो, ते हे. ज्वालामुखीत एवढा दाब तयारच होत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाद संपला.

तुम्हाला डोळ्यांनी बघायचं असेल तर काठावरचे दगडाचे थर बघा. आपल्याकडे घाटात रस्ता कापलेला असतो तिथे हे थर आडवे, एकावर एक पोळ्या ठेवल्यासारखे दिसतात. इथे काठाशी ते वर उचलले गेलेत आणि बाहेरच्या बाजूला कललेत. आतून कुणीतरी ढकलल्यासारखे.

४. वय कुठे ५२ हजार वर्षं दिलंय, कुठे पावणेसहा लाख. खरं काय?

दोन्ही आकडे संशोधकांनीच दिले आहेत, फक्त मोजायच्या पद्धती वेगळ्या. ५२ हजार हा जुना आकडा, विवरातल्या काचेच्या कणांवरून काढलेला. नंतर आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून वय मोजलं ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं, ४७ हजार इकडेतिकडे. आज अभ्यासक जास्त भरवसा या दुसऱ्या आकड्यावर ठेवतात. पाट्यांवर आणि जुन्या माहितीपत्रकांत मात्र ५२ हजारच चालू आहे, त्यामुळे गोंधळ होतो.

५. लोणार जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर आहे का? आणि भारतातलं एकमेव?

नाही, आणि नाही. हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की आता ते खोडणं अवघड झालंय. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट किंवा मेक्सिकोतलं चिक्शुलूब यांचा व्यास शेकडो किलोमीटरमध्ये मोजतात. भारतातसुद्धा मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला आहे, लोणारहून कितीतरी मोठं, आणि राजस्थानात बारां जिल्ह्यात रामगढ आहे.

लोणारचं मोठेपण आकारात नाही. बेसाल्टमध्ये झालेली आघाती विवरं जगात मोजकीच आहेत. ब्राझीलमध्येही आहेत, पण ती फार जुनी आणि झिजलेली. त्यातलं इतकं तरुण आणि इतकं धडधाकट राहिलेलं लोणारच. चंद्रावर आणि मंगळावरही बेसाल्ट आहे, त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोक इथे येऊन दगड तपासतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात बसून चंद्राचा अभ्यास होतो, याहून वेगळा पहिला-तिसरा क्रमांक कशाला हवा?

६. जवळ समुद्र नाही, मग पाणी खारं कसं?

विवर ही वाटी आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी येताना दगडातले क्षार थोडे थोडे विरघळवून आणतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चाललंय. त्यामुळे पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त ते अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. म्हणजे मिठाच्या पाण्यापेक्षा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याशी त्याचं नातं जवळचं. बोटं बुडवली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात.

घरून येताना चिमूटभर हळद कागदाच्या पुडीत घेऊन या. काठाशी येऊन तळहातावर ठेवा आणि त्यावर सरोवराच्या पाण्याचे चार थेंब सोडा. बघता बघता पिवळी हळद कुंकवासारखी लाल होते. हळद आणि चुना मिसळून कुंकू करतात, तेच इथे निसर्ग करून दाखवतो. मी शाळेच्या मुलांना हे दाखवते तेव्हा सगळा वर्ग एका हाताभोवती गोळा होतो. नंतर हात धारेच्या पाण्यात धुवा. ती हळद तिथेच पुन्हा पिवळी व्हायला लागते आणि दोन पाण्यांतला फरक हातावर कळतो.

जुन्या काळी हा क्षार हंगामात काढून विकत. त्याच्या वेगवेगळ्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावं होती. साबण आणि काच करायला तो लागायचा. लोणार हे नाव लवणावरूनच आलंय.

७. धार कुठून येते? ती कधी आटत नाही हे खरं का?

विवराच्या ईशान्य बाजूला, काठापासून थोडं खाली, दगडी गोमुखातून पाणी पडतं. त्यालाच आम्ही धार म्हणतो. पावसाचं पाणी आजूबाजूच्या माळरानात मुरतं, बेसाल्टच्या भेगांमधून आणि थरांमधल्या सांद्यांतून सरकत येतं आणि विवराच्या भिंतीशी उघडं पडतं. जमीन अचानक कापली गेल्यामुळे पाण्याला बाहेर पडायला तोंड मिळालं. ज्या आघातानं खारी वाटी तयार झाली, त्यानंच गोड्या पाण्यालाही वाट करून दिली.

पाऊसमान कमी झालं की धार बारीक होते, पण तिला बारमाही म्हणायला हरकत नाही. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना याचं मोल कळेल. ही गंगा काशीहून येते अशी श्रद्धा आहे, आणि भाविक त्या भावनेनं स्नान करतात. धारेच्या भोवती कुमारेश्वर, पापहरेश्वर अशी लहान मंदिरं आहेत, आणि थोडं पलीकडे सीता न्हाणी. पर्वणीच्या दिवशी इथे गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर साध्या दिवशी, सूर्य उगवायच्या सुमाराला या. त्या वेळी दगडावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज, वानरांची हालचाल आणि खालून येणारी मोरांची ओरड, एवढंच असतं.

८. लवणासुराची गोष्ट काय आहे?

लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली गुहेत राहायचा आणि लोकांना छळायचा. देवांनी विष्णूची विनवणी केली. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींना मोहवून गुहेचा पत्ता काढला, पायाच्या अंगठ्यानं गुहेवरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, ती टेकडी झाली. गुहा म्हणजे हे विवर आणि पाणी म्हणजे दैत्याचं रक्त, म्हणून ते खारं. दैत्याचा वध करणारा तो दैत्यसूदन.

मला या कथेचं नेहमी नवल वाटतं. ज्यांना उल्का ठाऊक नव्हती त्यांनीही इथे एका क्षणात काहीतरी प्रचंड घडलं, जमीन उघडली आणि तिचा तुकडा लांब जाऊन पडला, हे ओळखलं होतं. कथा विज्ञानाच्या तराजूत घालायची गरज नाही. पण ती रचणाऱ्यांनी हा खड्डा नीट निरखला होता, एवढं मी ठामपणे म्हणेन.

९. दैत्यसूदन मंदिरात नेमकं काय बघायचं? आम्ही दहा मिनिटांत बाहेर आलो.

असं बऱ्याच जणांचं होतं, कारण आत अंधार आणि बाहेर ऊन. म्हणून क्रम सांगते.

आधी आत जाऊ नका. उंच जोत्यावरून बाहेरून पूर्ण फेरी मारा. मंदिराचा आराखडा तारकाकृती आहे, म्हणजे भिंत सरळ न जाता सारखी कोन करत वळते. त्यामुळे एका ठिकाणी उभं राहून भिंत पूर्ण दिसतच नाही, दोन पावलं पुढे गेलं की नवा कोपरा आणि नवी मूर्ती समोर येते. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असताना याची खरी मजा आहे. प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या कोनावर पडते आणि दगडातल्या दागिन्यांचे मणीसुद्धा मोजता येतात. दुपारी बाराला तीच भिंत सपाट दिसते.

मग वर बघा. खालचं काम इतकं बारीक आणि वर शिखर मात्र नाही. मंदिराचा वरचा भाग मूळ योजनेप्रमाणे पुरा झालेला नाही, वर दिसतं ते विटांचं काम नंतरचं आहे. हे कळलं नाही की लोक म्हणतात, "कळस पडलाय वाटतं."

आता आत. चपला काढल्यावर दोन मिनिटं सभामंडपात नुसते उभे राहा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. नंतर मोबाइलचा टॉर्च छताकडे सरळ न मारता बाजूनं मारा. छतावरचे कोरलेले प्रसंग तेव्हाच उठून येतात. देव-दैत्यांची युद्धं आहेत, दैत्यसूदनाची कथाही आहे. मान दुखेपर्यंत बघा. गाभाऱ्यात लवणासुरावर उभा असलेला विष्णू आहे. मूळ मूर्ती राहिली नाही, सध्याची मूर्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस दुपारच्या आधी सूर्यकिरण मूर्तीवर येतात, तेव्हा गावकरी आणि अभ्यासक मुद्दाम जमतात. हेच दिवस का? तर लोणारच्या अक्षांशावर साधारण त्याच सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर यायला लागतो.

तासभर काढा. कमीत कमी.

१०. हे मंदिर हेमाडपंती आहे म्हणजे हेमाडपंतानं बांधलं का?

हेमाद्री पंडित हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकातला. सांध्यांत चुना न भरता, दगडाला दगड अडकवून बांधलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या मंदिराला आपण हेमाडपंती म्हणतो. त्यातली कित्येक मंदिरं तो जन्मायच्या आधीची आहेत. लोणारची मंदिरंही एका वेळी, एका माणसानं बांधलेली नाहीत. चालुक्य काळापासून यादव काळापर्यंत इथे बांधकाम होत राहिलं. हेमाडपंती ही पद्धत म्हणून म्हणा, मालक म्हणून नको.

११. मंदिरावर शृंगारिक शिल्पं आहेत असं ऐकलं. मुलांना आणि सासूबाईंना घेऊन जावं का?

जावं. मिथुन शिल्पं आहेत, पण शेकडो मूर्तींमध्ये थोडी. विष्णूची रूपं, सुरसुंदरी, वादक, प्राणी यांच्यातच ती बसवलेली आहेत. ज्यांनी ती घडवली त्यांना देवळाच्या भिंतीवर संपूर्ण संसार हवा होता. आमच्या आज्या याच भिंतीला प्रदक्षिणा घालत आल्या, कुणी डोळे झाकले नाहीत.

१२. विवराच्या आत किती मंदिरं आहेत? सगळी बघता येतात का?

काठानं फिरलं तर डझनभराहून जास्त लागतात. रामगया, वाघाचा महादेव, मोराचं मंदिर, मुंगळ्याचं मंदिर, शंकर-गणेश मंदिर, अंबरखाना, कमळजा देवी. काहींची नावं शिल्पावरून पडलीत, काहींची आठवणीवरून. बहुतेकांत आता पूजा नाही. खांब तिरके झालेत, छतातून मुळं उतरलीत, गाभाऱ्यात वटवाघळं आहेत. आत शिरताना टॉर्च लावून खाली बघा, सापही असतात.

कमळजा देवीचं मात्र जागतं ठाणं. नवरात्रात यात्रा भरते, आणि एरवी शांत असलेल्या विवरात आया-बाया नैवेद्याची ताटं घेऊन उतरतात. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी तिची ख्याती. एका अंगानं झऱ्याचं पाणी आणि दुसऱ्या अंगानं सरोवराचं पाझरतं, असं त्याचं कारण सांगतात. सासू कुठली आणि सून कुठली हे प्रत्येक घरात वेगळं सांगतात. सरोवर भरलेलं असेल तर विहीर पाण्याखाली असते (प्रश्न १६).

१३. आडव्या मारुतीची मूर्ती चुंबकाची आहे का? आमचं होकायंत्र तिथे खरंच फिरलं.

गावाच्या उत्तरेला, लोणारच्या विवरापासून सुमारे ७०० मीटरवर, अंबर तळं नावाचा छोटा खोलगट भाग आहे. त्याच्याजवळ हा मोठा मारुती, निजलेल्या अवस्थेतला, शेंदूर लावलेला. शिळेला चुंबकत्व आहे अशी ख्याती आहे आणि होकायंत्राची सुई तिथे हलते हे मीही बघितलंय. बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजं असतात, त्यामुळे काळ्या पाषाणाजवळ सुई हलणं अशक्य नाही. पण तेवढ्यावरून "ही मूर्ती म्हणजे उल्केचाच तुकडा" असं सांगितलं जातं, त्याला आधार नाही. तसंच अंबर तळं हे मुख्य उल्केच्या तुटलेल्या तुकड्यानं झालं असं काही अभ्यासकांनी सुचवलंय, पण त्यावर एकमत नाही. मी पाहुण्यांना 'असं म्हणतात' असंच सांगते.

१४. १८२३ मध्ये इंग्रजांनी लोणारचा शोध लावला ना?

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली, एवढं खरं. शोध हा शब्द मला खटकतो. शोधायला ते हरवलं कुठे होतं? महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारातल्या मुक्कामाच्या लीळा आहेत, म्हणजे तेराव्या शतकात इथली देवळं आणि तीर्थं लोकांच्या येण्याजाण्यातली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलनं ऐन-इ-अकबरीत मेहकरच्या वर्णनात लोणार दिलंय. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, भोवती उंच डोंगर असलेला मोठा जलाशय आहे, पाणी मचूळ आहे, काच आणि साबणाला लागणारी द्रव्यं इथे मिळतात, सोऱ्याचं चांगलं उत्पन्न येतं, आणि वर बैलाचं तोंड कोरलेला झरा आहे. ते बैलाचं तोंड म्हणजे आपली धार! चारशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन हातात घेऊन आजही लोणार फिरता येतं.

१५. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते परत कधी होईल?

जून २०२० मध्ये काही दिवसांत हिरवं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खारं पाणी आवडणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, वाढलेले आढळले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. त्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं होतं, क्षार दाट झाले होते, म्हणून त्यांचं फावलं. पाऊस झाल्यावर रंग गेला. तारीख सांगता येत नाही. एरवीचा हिरवा रंगसुद्धा सूक्ष्म शेवाळाचाच असतो.

१६. काही मंदिरं पाण्यात का गेलीत? मागच्या वेळी आम्ही तिथपर्यंत चालत गेलो होतो.

वाटीला बाहेर जायची वाट नसल्यानं (प्रश्न ६) पाण्याची पातळी पावसावर आणि आत येणाऱ्या पाण्यावर खालीवर होते. उतरलं की पांढऱ्या क्षाराचा पट्टा दिसतो, चढलं की काठची मंदिरं भिजतात. अलीकडे पाणी चढतं आहे आणि ते कमळजा देवीच्या देवळाला जाऊन भिडलं, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलं.

पाणी वाढलं म्हणजे चांगलंच, असं गावाबाहेरच्या माणसाला वाटतं. इथे तसं नाही. गोडं पाणी किंवा सांडपाणी जास्त आलं की खारेपणा पातळ होतो आणि या पाण्यात जगणारी वेगळी जीवसृष्टी अडचणीत येते. शिवाय क्षार दगडात शिरतो, वाळताना फुगतो आणि शिल्पाचे पापुद्रे निघतात. लोणारच्या जतनाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे बरीच वर्षं आहे. लोणारकर म्हणून माझं मागणं साधं आहे: आपल्या मोरीचं पाणी विवरात जाणार नाही, एवढं आधी झालं पाहिजे.

१७. लोणार युनेस्कोचं वारसास्थळ आहे का?

नाही. लोकांची गल्लत होते ती रामसरशी. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार रामसर यादीत आलं. ही पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी, इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली झालेल्या करारानुसार चालते. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा. जागतिक वारसा यादी वेगळी. त्याआधी १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलं आणि २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य झालं. म्हणून विवराचं रान वन खात्याकडे आणि जुनी मंदिरं पुरातत्त्व खात्याकडे. परवानगी विचारताना हा फरक लक्षात ठेवा.

१८. आठवण म्हणून एखादा दगड नेला तर चालेल का? आणि ड्रोन?

दगड नको. अभयारण्यातून काहीही उचलून नेणं हा गुन्हा आहे, छोटा खडासुद्धा. ज्या काचेच्या कणांवरून विवराची जन्मकथा कळली, ते कण असेच साध्या दिसणाऱ्या मातीत होते. ड्रोनला आधी परवानगी लागते. सरोवरात पोहणं, साबण लावणं, प्लास्टिक टाकणं बंद.

एकदा एका सहलीच्या मुलांनी रामगयेच्या बाजूला खांबावर खिळ्यानं नावं कोरली होती. मी दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन गेले, पण कोरलेलं पुसलं जातं का? आठ-नऊशे वर्षांच्या दगडावर आता ती नावं आहेत. शिक्षकांनो, हात जोडून सांगते, उतरायच्या आधी मुलांशी पाच मिनिटं बोला.

१९. वयस्कर माणसांना विवरात उतरता येईल का?

धारेपर्यंत पायऱ्या आहेत, हळूहळू जमतं. खाली सरोवरापर्यंतची वाट दगडधोंड्यांची, आणि तळ काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल. उतरणं सोपं वाटतं, चढताना दम लागतो. पूर्ण फेरी तीन-चार तासांची. प्यायचं पाणी बरोबर घ्या, बूट घाला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वाटाड्या घ्या. ज्यांना उतरता येत नाही त्यांनी दैत्यसूदन, लिंबी बारव, धार आणि संध्याकाळचा काठ एवढं केलं तरी लोणार भेटतं.

२०. अभयारण्य म्हणता आणि झाडं तोडता, हे कसं?

तोडतात ती वेडी बाभूळ. परदेशातून आलेलं हे झाड विवराच्या उतारावर इतकं माजलं की खालचं गवत आणि देशी झाडं दबली, मंदिरांच्या वाटाही बुजल्या. ती काढून कडुनिंब, पळस यांसारख्या देशी झाडांना जागा द्यायची आहे. मंदिरात घुसलेली मुळं मात्र ओढून काढायची नसतात, दगडच निखळतो. ते काम जाणकारांचं.

२१. जवळ अजून काय बघता येईल?

मेहकरला शारंगधर बालाजी, १८८८ साली जमिनीत सापडलेली विष्णूची भव्य मूर्ती. लोणारचा दैत्यसूदन बघून मग ती बघा, काळ्या पाषाणात या भागातला कारागीर किती पुढे गेला होता ते कळतं. आणि सिंदखेड राजा, जिजाऊंचं माहेर, जन्मस्थळाचा वाडा आणि लखुजीराव जाधवांची समाधी. ते पन्नासेक किलोमीटरवर, वेगळा अर्धा दिवस ठेवा.

२२. अबुल फझलनं लिहिलंय की धारेचं पाणी फक्त सोमवती अमावस्येला सरोवरात जातं. आज तसं दिसतं का?

हा प्रश्न इतिहासाच्या एका विद्यार्थ्यानं पाठवला आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. ऐन-इ-अकबरीत खरोखरच तसं आहे: वरच्या झऱ्याचं पाणी एरवी खाली जात नाही, सोमवारी अमावस्या आली की ते मोठ्या जलाशयात उतरतं. आज धारेचं पाणी कुंडातून पुढे झाडीतून खाली वाहत राहतं, अमावस्या असो नसो.

मग चारशे वर्षांपूर्वी ते जात कुठे होतं? माझा अंदाज सांगते, तो अंदाजच समजा. आमच्या लहानपणी विवराच्या उतारावर शेती होती. झऱ्याचं पाणी चर काढून वाफ्यांत फिरवायचे, आणि सरोवरापर्यंत पोचायच्या आधीच ते जिरून जायचं. त्या काळीही असंच असावं. सोमवती अमावस्येला स्नानासाठी गर्दी व्हायची, त्या दिवशी पाणी कुणी अडवत नसेल, सगळी धार मोकळी सोडत असतील. धारेखालच्या झाडीत नीट बघितलं तर उतारावर दगडांच्या जुन्या रांगा दिसतात, बांध असावेत तशा. पुढच्या वेळी आलात की मला सांगा, आपण दोघं मिळून त्या धारेपासून खाली कुठपर्यंत जातात ते बघू.